बोट बुडाली तर जाब कोणाला? प्रवासी नौकांच्या नियमांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका ज्युरीने ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीच्या कप्तानाला दोषी ठरवले. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ही बोट नांगरून उभी होती. तिला आग लागली आणि खालच्या खोलीत झोपलेले 34 जण दगावले. उतारू झोपेत असताना रात्रभर कोणीतरी फिरता पहारा ठेवायचा, ही बोटीच्या प्रमाणपत्रातली अट होती. त्या रात्री पहाऱ्यावर कोणीच नव्हते. कप्तानाला 4 वर्षांची कैद झाली ती ज्या कलमाखाली, त्याचे मूळ थेट 1838 च्या कायद्यात आहे.

तो कायदा आगबोटींच्या जमान्यातला. नद्यांवर बॉयलर फुटून माणसे मरत होती, म्हणून बॉयलरची तपासणी सक्तीची झाली आणि हलगर्जीपणामुळे कोणाचा जीव गेला, तर बोट चालवणाऱ्यांवर मनुष्यवधाचा खटला भरण्याची तरतूद आली. तपासणी मात्र नावापुरतीच राहिली. 1852 मध्ये नवा कायदा करून इंजिनिअर आणि सुकाणूवाल्यांना परवाने घ्यायला लावले, तपासनिसांची यंत्रणा उभी केली. तरीही 1865 मध्ये मिसिसिपी नदीत ‘सुलताना’चे बॉयलर फुटले, तेव्हा 376 जणांची परवानगी असलेल्या बोटीवर 2,000 हून अधिक माणसे होती. बहुतेक जण युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. सरकार माणशी भाडे देत होते, मग गर्दीला नाही कोण म्हणणार? हजाराच्या वर बळी गेले आणि शेवटी शिक्षा कोणालाच झाली नाही.

कागदावरची तपासणी किती पोकळ असते, हे ‘जनरल स्लोकम’ने दाखवले. 15 जून 1904 रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये चर्चच्या सहलीला निघालेली ही बोट पेटली. मृतांचा आकडा हजाराच्या पुढे गेला. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. आग विझवायचा पाइप पाण्याच्या दाबाने फाटला. लाइफ जॅकेटांतल्या बुचाचा भुगा झाला होता. ती घालून पाण्यात पडलेली माणसे सरळ तळाशी गेली. खलाशांनी आगीची कवायत कधी केलेलीच नव्हती. आणि याच बोटीला काही आठवड्यांपूर्वी तपासनिसाने सुरक्षित ठरवले होते. कप्तानाला 10 वर्षांची शिक्षा झाली, कंपनी किरकोळ दंडावर सुटली. कप्तान निर्दोष नव्हताच, पण जॅकेटांवर खर्च करायचा की नाही हे ठरवणारे हात दुसरेच होते.

‘टायटॅनिक’ची गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यावर सुमारे 2,200 माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा 1,178 जणांना. तरी तिने ब्रिटिश नियम मोडला नव्हता, कारण किती होड्या हव्यात हे ठरवणाऱ्या 1894 च्या तक्त्यात 10,000 टनांपुढच्या जहाजांचा वेगळा विचारच नव्हता. त्यातून 1914 मध्ये ‘सोलास’ हा समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार आला. होड्या वाढवण्याचा आग्रह सगळीकडे सुरू झाला. मात्र 24 जुलै 1915 रोजी शिकागोत धक्क्याला बांधलेली ‘ईस्टलँड’ तिथल्या तिथे कलंडली आणि 844 जण मेले. मुळातच डोलणाऱ्या त्या जहाजावर नुकत्याच जादा होड्या चढवल्या होत्या, त्यामुळे वरचा भार आणखी वाढला होता.

मालकापर्यंत जाब पोहोचायला 1987 उजाडले. 6 मार्चला बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दार उघडे ठेवूनच निघाली. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरून ती काही मिनिटांत आडवी झाली. 193 बळी. दार लावायची जबाबदारी असलेला खलाशी झोपला होता, हे खरे. पण दार लागले की नाही ते बोट चालवण्याच्या कक्षात कळावे म्हणून दिवा बसवा, असे कप्तानांनी कंपनीला आधीच सुचवले होते आणि ती सूचना थट्टेवारी नेली गेली होती. चौकशी अहवालाने सरळ म्हटले की ढिसाळपणाचा रोग कंपनीला वरपासून खालपर्यंत जडला आहे. कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला टिकला नाही. पण अशा दुर्घटनांनंतर 1998 पासून ‘आयएसएम’ ही जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. तिच्यानुसार किनाऱ्यावरच्या कार्यालयात एक नेमलेली व्यक्ती लागते. तिला थेट वरिष्ठ व्यवस्थापनापर्यंत जाता आले पाहिजे. ‘बोटीवर काय चालले होते ते आम्हाला ठाऊक नव्हते’ ही मालकाची पळवाट त्यामुळे बरीच अरुंद झाली.

मात्र हे करार मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांसाठी आहेत. तलावात, खाडीत, नदीत उतारू फिरवणाऱ्या बोटी त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलेल्या आहेत. तिथे अनेकदा मालक, कप्तान आणि तिकीट फाडणारा एकच असतो, म्हणून सारे ओझे त्याच्याच डोक्यावर. ‘ईथन अ‍ॅलन’ ही तलावात फिरणारी एक छोटी सहलीची बोट. 2 ऑक्टोबर 2005 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जमध्ये ती उलटली आणि 47 उतारूंपैकी 20 जण बुडाले. परवाना 48 उतारूंचा, म्हणजे मोजणीत चूक नव्हती. पण तो देताना माणसाचे सरासरी वजन 140 पौंड, म्हणजे 63 किलोच्या आसपास धरले होते. प्रत्यक्षातले उतारू त्याहून बरेच जड होते. शिवाय बोटीवर नंतर छत बदलून बसवले, तेव्हा तिचा तोल पुन्हा तपासला गेला नव्हता. पुढे अमेरिकी तटरक्षक दलाने हे वजन 185 पौंड, म्हणजे सुमारे 84 किलो केले. बोट तीच, पण तिच्यावर कायद्याने बसू शकणारी माणसे त्यामुळे कमी झाली.