लहान सर्व्हर क्लस्टरची आखणी

तीन ते पाच सर्व्हर एकत्र जोडून, त्यांतला एखादा बंद पडला तरी सेवा चालू राहील अशी केलेली रचना म्हणजे लहान क्लस्टर. आखणी करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : यंत्र बिघडले तर त्याचे काम कोण उचलणार, आणि डेटाच गेला तर तो कुठून आणणार?

सर्वांत फसवी रचना दोन नोडांची, म्हणजे क्लस्टरमधल्या दोनच सर्व्हरांची. मधली केबल निसटली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बंद पडला. दोघेही डेटाबेसचा ताबा घेतात आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होऊ लागतात. हे स्प्लिट-ब्रेन. त्या नोंदींचा नंतर मेळ घालणे सर्व्हर बंद पडण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचे. म्हणून क्लस्टर बहुमतावर, म्हणजे कोरमवर चालवतात : निम्म्याहून जास्त नोड ज्या बाजूला, तीच काम चालू ठेवते. तीन नोडांत एक गेला तरी चालते, पाचांत दोन. चारांतही एकच, त्यामुळे चौथ्याने इथे काही पदरात पडत नाही. तिसरा पूर्ण सर्व्हर परवडत नसेल, तर नुसते मत देणारे छोटे यंत्रही पुरते.

क्षमता मोजताना एक नोड नाहीच असे धरावे. प्रत्येकी ६४ जीबी मेमरीच्या तीन सर्व्हरांत कामाला १२८ जीबीच मिळते. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असूनही दोन्ही एकाच यूपीएसवर असले, तर दुसऱ्याचा उपयोग निम्माच.

रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची प्रत दुसऱ्या नोडवर सतत उतरवत राहणे, हा बॅकअप नव्हे. चुकून दिलेली डिलीटची आज्ञा क्षणात सगळ्या प्रतींवर पोहोचते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुख्य डेटाबेसची फाइल-डिरेक्टरी चुकून पुसली गेली. रोजचा बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे तयारच होत नव्हता, आणि तसे कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, म्हणून बाकीचा डेटा वाचला. कंपनीने हे सारे स्वतःहून जाहीर केले, हे मोलाचे.

किती वेळाचा डेटा गमावला तर चालेल (आरपीओ) आणि किती वेळात सेवा परत हवी (आरटीओ), हे आधी ठरले की बॅकअपचे वेळापत्रक आपोआप ठरते. रूढ ३-२-१ नियमानुसार तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. त्या दुसऱ्या जागच्या प्रतीतून रिकाम्या यंत्रावर सेवा उभी करून पाहावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. बॅकअप उघडण्याची किल्ली त्याच क्लस्टरमध्ये अडकलेली असेल, तर तेही याच तालमीत उघड होते.