राखणदारासाठी ठेवलेले दार

नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाईल कंपन्यांना आदेश दिला, की यापुढे भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासूनच असले पाहिजे. चोरीचे फोन, बनावट सिम आणि ऑनलाइन फसवणूक यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्तच होता. तरीही टीका इतकी झाली, की आठवडाभरातच ही सक्ती मागे घेण्यात आली. फसवणुकीला कंटाळलेल्या लोकांनी फसवणूक रोखणाऱ्या ॲपचाच धसका का घ्यावा, असा प्रश्न दिल्ली-मुंबईत पडू शकतो. यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या बाजूने पाहिले, तर तो फारसा अवघड राहत नाही.

रेशनचे धान्य ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्यावर मिळते. पेरा ई-पीक पाहणीच्या ॲपवर फोटोसह नोंदवावा लागतो, पीएम-किसानच्या हप्त्यासाठी केवायसी लागते, आणि हमीभावाने कापूस विकायचा तर 2025 च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते. यातली बरीच कामे सेतू केंद्रावर दुसऱ्याच्या हातून होतात, त्यामुळे आधार, सातबारा, बँकेचे खाते आणि ओटीपी हे सगळे एकाच टेबलावरून जाते. एखादे ॲप नको म्हणण्याची सोय ज्याला उरलेलीच नाही, त्याच्या बाबतीत माहिती फुटली तर नुकसान त्याचे होते, आणि ती पुन्हा फुटू नये म्हणून देखरेख वाढवली, तर तीही त्याच्याच वाट्याला येते.

या अविश्वासाला अडाणीपणा म्हणण्याची घाई अनेकांना असते. प्रत्यक्षात त्याला भक्कम तांत्रिक आधार आहे.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी सॉफ्टवेअरची एक सोय ठेवलेली असते. ग्रीसमध्ये 2004-05 साली अज्ञात हल्लेखोरांनी व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये छुपा प्रोग्राम बसवला आणि हीच सोय वापरून पंतप्रधान कोस्टास कारामान्लिस यांच्यासह शंभराच्या आसपास फोन कित्येक महिने ऐकले. मार्च 2005 मध्ये तो सापडला. वीस वर्षांनी अमेरिकेत तेच घडले. 1994 च्या कायद्याने तिथल्या दूरसंचार कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवणे बंधनकारक आहे, आणि अमेरिकी सरकार ज्याचा संबंध चीनशी जोडते, त्या ‘सॉल्ट टायफून’ या हॅकर गटाने 2024 मध्ये उघडकीस आलेल्या घुसखोरीत नेमक्या त्याच यंत्रणांना हात घातला. गावातल्या प्रत्येक घराची जादा किल्ली पोलीस पाटलाकडे ठेवली, तर चोराला शंभर कुलपे फोडावी लागत नाहीत, पाटलाचे एक कपाट फोडले की भागते.

व्हॉट्सॲपसारख्या सेवांमध्ये संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि तो उघडणारी किल्ली फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. मधल्या सर्व्हरला अर्थहीन अक्षरे दिसतात. सरकारसाठी तिसरी किल्ली तयार करावी, ही मागणी अनेक देशांत अधूनमधून होते. पण किल्ली कोणाच्या हातात आहे, त्याच्याकडे न्यायालयाचा आदेश आहे की नाही, हे गणिताला कळत नाही.

कधी कधी हल्ल्याचे हत्यारच सरकारी कोठारातून येते. विंडोजमधला एक दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला माहीत होता आणि तिने त्यावर ‘इटर्नलब्लू’ नावाचे साधन बनवले होते. एप्रिल 2017 मध्ये ते चोरट्यांनी जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, तरी असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. मे महिन्यात हेच साधन वापरणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने सुमारे 150 देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक अडवले आणि ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचे कामकाज विस्कळीत केले. जूनमध्ये तेच साधन वापरणाऱ्या ‘नोटपेट्या’ या व्हायरसमुळे मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

संदेश कुलूपबंद असला, तरी कोणी, कोणाला, केव्हा आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला, ही नोंद उघडी राहते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 लाख लोकांच्या 15 महिन्यांच्या नावे वगळलेल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ठिकाण आणि वेळ यांचे चार बिंदू 95 टक्के माणसे वेगळी ओळखायला पुरेसे ठरले. खेड्यात टॉवर विरळ असल्याने जागा ढोबळ कळते, म्हणून तिथला माणूस अधिक सुरक्षित असेल असे वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या टॉवरखाली मध्यरात्री मोजकेच फोन चालू असतात, तिथे गर्दीत लपण्याची सोयच नसते.

इंटरनेट बंदीचा अनुभव विदर्भाला नवा नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्यात हिंसाचारानंतर ती लागू झाली होती. अशा वेळी कंपन्या कॉल आणि एसएमएस चालू ठेवून फक्त डेटा तोडू शकतात. मग ओटीपी येतो, पण तो टाकायचे ॲप उघडत नाही, आणि सिमवर चालणारे ई-पॉस यंत्रही अडते. टॉवरच्या लहरी तालुक्याची हद्द पाळत नसल्याने ज्या गावाचा वादाशी संबंध नाही, तेही अंधारात जाऊ शकते. अफवा रोखण्याचे काम यातून किती होते, याबद्दल मला शंका आहे. खरी बातमी पोहोचण्याचा मार्गही त्याच तारेवरून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी पत्रकार अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात सांगितले, की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. आता एका आदेशाची मुदत 15 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पाळतीच्या आदेशांबाबत मात्र एवढाही उजेड नाही. ते सचिव देतात, त्यांचा फेरविचार करणारी समितीही सचिवांचीच असते, तिच्यात न्यायाधीश नसतो. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 17 नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देऊ शकते.

सातबाऱ्यातल्या चुका निघाव्यात म्हणून आपल्याकडे चावडी वाचन होते. नोंद सगळ्यांसमोर वाचली जाते आणि ज्याची हरकत असेल तो उभा राहून सांगतो. चालू तपासातले टॅपिंग असे वाचून दाखवता येणार नाही, हे उघड आहे. पण जर्मनीत पाळत संपल्यावर, काही अपवाद सोडता, संबंधित माणसाला तसे कळवण्याची कायद्यात तरतूद आहे. भारतात तशी तरतूद नसल्याने, ज्याचा फोन विनाकारण ऐकला गेला त्याला तक्रार करण्यासारखे काही घडले आहे, हेच कधी समजत नाही.