माबू पर्वताचं जंगल

उत्तर मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतात माबू पर्वत आहे, शिखर साधारण १,७०० मीटर, आणि त्याच्या उतारांवर दाट सदाहरित जंगल. याला 'गूगल फॉरेस्ट' असंही म्हणतात, कारण उपग्रहाचे फोटो बघून राखण्याजोगं जंगल कसं हेरायचं याचं हे सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण.

पण ते नेमकं 'सापडलं' कधी यावर एकमत नाही. साधारण मान्य हकीकत अशी, की शेजारच्या मलावीत मुलांजे पर्वतावर काम करणारे जीवशास्त्रज्ञ ज्युलियन बेलिस २००५ च्या सुमारास गूगल अर्थवर सीमेपलीकडे तसेच उंच, ओले डोंगर शोधत होते आणि त्यांना माबूवर गडद हिरवा पट्टा दिसला. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या पुढाकारातली मोठी मोहीम मात्र २००८ ची, बातम्याही त्यानंतरच्या, म्हणून काही ठिकाणी तेच साल देतात. स्थानिक लोक तर तिथे आधीपासून शिकार करायचे, १९७७ ते १९९२ च्या यादवीत जंगलात लपूनही राहिले, पायथ्याशी चहाचा जुना मळा आहे. तेव्हा नव्याने कळलं ते बाहेरच्या अभ्यासकांना, असं म्हणणंच जास्त बरोबर वाटतं. मोझांबिकमधल्याच लिको या दुसऱ्या डोंगराचंही तेच: बेलिसना तो २०१२ मध्ये स्क्रीनवर दिसला, २०१८ मध्ये कडा चढून टीम वर गेली तर तिथे मातीची जुनी भांडी, म्हणजे माणूस आधीच येऊन गेलेला!

फोटोवरून कळतं ते एवढंच की झाडी सलग आहे, उंचीवर आहे आणि तोड झालेली दिसत नाही. 'निअर इन्फ्रारेड'मध्ये, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात, हिरवी पानं उजळ दिसतात, पण दाट लागवडही तशीच उजळ दिसू शकते, त्यात अशा डोंगरांवर ढग, मग झाडांच्या माथ्यांचा खडबडीतपणा बघून अंदाज बांधतात, आणि पुढचं सगळं पायी जाऊनच. माबूच्या जंगलातला साप (अथेरिस माबुएन्सिस, नोंद २००९) किंवा बेलिस यांचं नाव दिलेला सरडा कुठल्याच फोटोत दिसला नसता.

क्षेत्रफळ ७,००० ते ७,९०० हेक्टर असं वेगवेगळं देतात. मध्यम उंचीवरचं आफ्रिकेतलं सर्वांत मोठं वर्षावन हा दावाही 'मध्यम उंची' कुठून कुठपर्यंत धरायची यावर अवलंबून. कडेच्या आगी आणि शिकार हे मुख्य धोके.