पाचशे मीटरच्या आतले दोन हात

‘एकटे असाल आणि हार्ट अटॅक आला, तर जोरजोरात खोकत राहा’ हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. अमेरिकन हार्ट असोसिएशन या उपायाला मान्यता देत नाही, तरी तो थांबत नाही. मुळात त्यात दोन आजारांची गल्लत आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि त्याने खोकत बसण्याऐवजी तातडीने रुग्णवाहिका बोलवायला हवी. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच बंद पडतं आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. बेशुद्ध माणूस खोकणार कसा? तिथे दुसऱ्या माणसालाच धावावं लागतं.

आणि फार लवकर धावावं लागतं. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा उपचार, मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी रस्ता कापायला तिला काही मिनिटं लागणारच. 1960 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत मांडली, तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की याला फक्त दोन हात लागतात. हे हात जवळपास कुठे आहेत, ते आता फोन सांगू शकतो.

2012-13 मध्ये स्टॉकहोममध्ये याची रीतसर चाचणी झाली. आपत्कालीन कॉल आला की संगणक घटनास्थळापासून 500 मीटरच्या आत असलेले प्रशिक्षित स्वयंसेवक शोधून त्यांना कळवायचा. जिथे कळवलं गेलं तिथे 62 टक्के रुग्णांना रुग्णवाहिकेआधी सीपीआर मिळाला. जिथे नाही, तिथे 48 टक्क्यांना. सिंगापूरमध्ये 2015 पासून मायरिस्पॉन्डर नावाचं अ‍ॅप हेच काम करतं आणि जवळचं एईडी, म्हणजे शॉक देणारं यंत्र, कुठे आहे तेही दाखवतं.

पण फोनला स्वतःची जागा कळते कशी? मला यातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत असतात: आत्ता किती वाजलेत आणि मी कुठे आहे. संदेश यायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, की अंतर मिळालं. मात्र प्रकाश एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जातो. घड्याळ तेवढं जरी चुकलं, तरी स्वयंसेवक भलत्याच इमारतीकडे धावेल. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं. म्हणून फोन स्वतःच्या घड्याळाची चूकही एक अज्ञात संख्या धरतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि ही चूक अशा चार अज्ञातांसाठी चार समीकरणं हवीत, म्हणजे चार उपग्रह हवेत.

दुसरी अडचण वेळेची. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला जेमतेम 50 बिट या वेगाने पाठवतो. ती पुरी मिळायला अर्धा मिनिट जाऊ शकतं आणि इथे अर्ध्या मिनिटाची किंमत साडेतीन ते 5 टक्के शक्यता! यावर तोडगा म्हणजे असिस्टेड जीपीएस. कक्षेची तीच माहिती फोनला मोबाइल नेटवर्कवरून मिळते आणि जागा काही सेकंदांत निश्चित होते. घरात उपग्रहांचे संदेश क्षीण होतात, तेव्हा वायफायची मदत होते. मजला ओळखणं त्याहून अवघड. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, पण एका मजल्याला दाब जेमतेम 0.35 हेक्टोपास्कलने बदलतो आणि हवामानामुळेही तो बदलतच असतो.

‘अ‍ॅप जीव वाचवतं’ हा दावा मात्र घाईचा आहे. स्टॉकहोममध्ये 30 दिवसांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण 11.2 विरुद्ध 8.6 टक्के होतं, आणि हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. फोन माणसाला दारापर्यंत आणतो. पुढे काय करायचं ते आधी शिकलेलं असावं लागतं. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि मधूनच नुसते आचके देत असेल, तर तो श्वास समजू नये. छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण त्याच क्षणी हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त शिरतं. थांबलं की हा प्रवाह लगेच कोसळतो आणि पुन्हा उभा राहायला बरेच दाब द्यावे लागतात. म्हणून दुसरा कुणी एईडीचे पॅड चिकटवत असतानाही दाब चालूच ठेवायचा. यंत्र ‘हात लावू नका’ म्हणेल तेव्हाच हात उचलायचे आणि शॉक बसताच पुन्हा दाबायला लागायचं.