रिवाचा चौथा सूर्य

स्वित्झर्लंडमधल्या रिवा या गावाचं सगळं क्षेत्रफळ ऐंशी एकरांच्या आत आहे आणि लोकसंख्या साडेतीनशेच्या आसपास. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला हजाराहून जास्त माणसं येतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती! आकडा खरा, पण चित्र फसवं. घरं चिंचोळ्या जागेत एकमेकांना खेटून उभी आहेत, उरलेला उतार द्राक्षवेलींचा.

लोझान आणि वेवे या शहरांच्या दरम्यान, जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावरचं हे गाव. हा सगळा पट्टा म्हणजे लाव्हो. अकराव्या शतकापासून ख्रिस्ती मठांतल्या संन्याशांनी इथे उतार फोडून पायऱ्या पाडल्या. पायऱ्या धरून ठेवणाऱ्या दगडी भिंतींची एकूण लांबी आज ४०० किलोमीटरच्या घरात जाते. २००७ साली युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारसा ठरवलं. मुख्य द्राक्ष शासला, त्याची पांढरी वाइन होते.

इथले लोक सांगतात, आमच्या द्राक्षांना तीन सूर्य मिळतात: एक आकाशातला, दुसरा सरोवरात चमकणारा, तिसरा भिंतीत साठलेला.

पहिल्याचं गणित सोपं आहे. सप्टेंबरअखेरीस, द्राक्षं पिकण्याच्या सुमारास, भरदुपारीही इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४१-४२ अंश वर असतो. सपाट जमिनीवर ऊन तिरकं पडून पसरतं. दक्षिणेकडे ३० अंश कललेल्या उतारावर ते जवळजवळ काटकोनात पडतं, त्यामुळे तेवढ्याच जागेला सुमारे चाळीस टक्के जास्त थेट ऊन मिळतं.

दुसऱ्या सूर्याचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. सूर्य माथ्याजवळ असताना शांत पाणी दोन-तीन टक्केच प्रकाश परत पाठवतं. तो क्षितिजापासून दहा अंशांवर उतरला की हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चढतं, पण तेव्हा मुळातलं ऊनच मवाळ झालेलं असतं. तिसरा सूर्य खरा, पण त्याची ऊब भिंतीलगतच्या वेलींपुरती.

मला विचाराल तर सरोवराचं मोठं काम वेगळंच आहे, आणि ते या तिघांत मोजलेलंच नाही. तेवढ्याच वजनाच्या दगडापेक्षा पाणी साधारण पाचपट उष्णता सामावून घेतं, आणि हे सरोवर ३१० मीटरपर्यंत खोल आहे. उन्हाळ्यात मुरलेली उष्णता ते शरदात, हिवाळ्यात हळूहळू सोडत राहतं. त्यामुळे काठावरची हवा एकदम गारठत नाही, वसंतात कोवळ्या फुटव्यांना दहिवराचा धोका कमी राहतो. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. इथे ते काम बरंचसं पाणीच करतं.

मग इतक्या देखण्या जागी गाव वाढत का नाही? उतार आडवा येतोच, पण खरी आडकाठी कायद्याची. पर्यावरणवादी फ्रान्झ वेबर यांच्या पुढाकाराने १९७७ साली इथल्या वो प्रांतातल्या मतदारांनी लाव्होच्या संरक्षणाला कौल दिला. २००५ मध्ये तो पुन्हा पक्का झाला. नाहीतर रेल्वेने लोझान इतकं जवळ असताना मळ्यांच्या जागी बंगले उठायला वेळ लागला नसता. २०१४ साली वेबर यांनी आणखी कडक नियम मांडले, तेव्हा मात्र मतदारांनी ते नाकारले आणि प्रांत सरकारचा सौम्य पर्याय स्वीकारला. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत मळेवालेही होते. मळा टिकवायचा तर त्यात काम करायला थोडी मोकळीक हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.