‘शीट’ म्हणजे शीड नव्हे, दोर

शिडाच्या होडीवर ‘शीट’ म्हणजे कापडाचं शीड, असा समज फार जुना आहे. अंथरुणावरची चादर डोळ्यांसमोर येते, त्यामुळे तो पटतोही. पण इंग्रज खलाशांच्या भाषेत शीट हा दोर असतो. शिडाच्या खालच्या मोकळ्या कोपऱ्याला तो बांधतात आणि त्यावरूनच शीड किती आत घ्यायचं, किती सैल सोडायचं ते ठरतं. शीड वर चढवणारा दोर वेगळा, तो हॅलियर्ड. जुन्या इंग्रजीत ‘शेआटा’ म्हणजे शिडाचा खालचा कोपरा. त्या कोपऱ्याचंच नाव दोराला चिकटलं.

पुढच्या जिब शिडाला दोन शीट असतात, डावी आणि उजवी. कोपऱ्याशी बोलाइन गाठ मारतात, मोकळ्या टोकाला आठच्या आकाराची, म्हणजे दोर कप्पीतून निसटत नाही. शीट सुटली की शीड फडफडतं, वारा धरत नाही, होडीचा वेग जातो. उलट, छोट्या होडीत मुख्य शिडाची शीट कधीही पक्की बांधून ठेवू नये. वाऱ्याचा झोत आला की ती झटक्यात सैल सोडता आली पाहिजे, नाहीतर होडी कलंडते.

झिंगलेल्या माणसाला इंग्रजीत ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणतात. तिथेही तीन शिडं नाहीत. तीन दोर सुटलेत, म्हणून जहाज झोकांड्या खातंय.