बेवारस दिसणारी गाडी आणि मालकी हक्क

‘एखादी गाडी काही महिने एकाच जागी धूळ खात पडली, तर ती ताब्यात घेणाऱ्याची होते’ हा समज जुना आहे. तो खरा नाही.

मालकी सोडण्याचा हेतू असल्याशिवाय वस्तू कायद्याने बेवारस ठरत नाही, आणि साचलेल्या धुळीवरून तो हेतू सिद्ध होत नाही. मालक आजारी किंवा परगावी असू शकतो, गाडी चोरीची असू शकते, तिच्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा असू शकतो. अशी गाडी परस्पर नेल्यास चोरीचा आरोप येऊ शकतो. ती आपल्याच जागेत उभी असली तरी ती हटवण्याची मागणी करता येते, एवढेच.

सर्वसाधारण रीत अशी, की पोलिसांना किंवा स्थानिक प्रशासनाला कळवावे. ते नोंदणी क्रमांकावरून मालक शोधतात, नोटीस देतात आणि कोणीच पुढे न आल्यास बहुधा लिलाव करतात. मुदती ठिकाणानुसार बदलतात.

पडताळा घ्यायचा असेल, तर गाडी नावावर करण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, हे वाहन नोंदणी कार्यालयात विचारावे. तेथे मूळ मालकाची सही, लिलावाची पावती किंवा न्यायालयाचा आदेश मागितला जातो. गाडी किती दिवस पडून होती, याचा दाखला पुरत नाही.